एका खाचेचा फरक

"माझ्या गाडीतला अँप्लिफायर कोणीतरी बंद पाडतंय," घड्याळजी म्हणाले. "कोण, तेही मला माहीत आहे. मला पुरावा हवाय. सोमवारच्या आत."

भिंगबाईंनी त्यांना खुर्ची दाखवली. विमा कंपनीसाठी तीस वर्षं अपघात झालेल्या गाड्या तपासून निवृत्त झालेल्या या बाई आता खाजगी तपासाची कामं घेत. त्यांचं खरं नाव पोस्टमनलाही आठवत नसे. सोबत असत त्यांचे धाकटे भाऊ, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, म्हणजे सगळ्या गावाचे मास्तर. बाईंचं डोकं धावत सुटायचं आणि मास्तर मागून चपला शोधत यायचे.

"गाण्याचा डबा बंद पडला म्हणून गुप्तहेर?" मास्तर पुटपुटले. "उद्या लोक मिक्सर घेऊन येतील, ताई."

ताईंनी नुसतं पाहिलं. 

घड्याळजी चांगले सहा फूट उंच होते. चौकात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. खुर्चीत ते कसेबसे मावले आणि गुडघा चोळत बोलू लागले.

"मुलानं बसवला होता तो. गेल्या वर्षी तो गेला. दम्याचा झटका आला. सव्वीस वर्षांचा होता. त्याच्या हातचं घरात एवढंच काय ते चालू आहे. रोज संध्याकाळी मी गाडी काढतो आणि तासभर फिरतो. आवाज त्यानं लावून ठेवला होता तसाच आहे. मी बटणाला हात लावत नाही."

"आणि तो बंद पडतो."

"दोन-तीन स्पीडब्रेकर झाले की गप्प. लाल दिवा लागतो. पुन्हा चालू केला की मिनिटभर वाजतो, पुन्हा गप्प. आणि दर वेळी मला तो दुपारचा फोन आठवतो, बाई. मी दुकानात होतो. कोणाचं तरी घड्याळ उघडून बसलो होतो."

त्यांनी खिशातून वही काढली. घड्याळजीच ते. दहा आठवड्यांतली प्रत्येक तारीख, प्रत्येक मिनिट आणि गाडीचे किलोमीटर बारीक अक्षरात टिपलेले होते.

"फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी," बाई म्हणाल्या.

"बरोबर. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजात नेतो, तर तिथे शहाण्या मुलासारखा वाजतो. पुढचे दोन-तीन दिवसही ठीक. मग पुन्हा तेच. आणि हे किलोमीटरचे आकडे बघा. त्या दोन दिवशी मी गाडी काढायच्या आधीच काटा नऊ किलोमीटरनं पुढे गेलेला असतो."

"दर वेळी नऊच?"

"दर वेळी. दुपारी गाडी नेतो तो, गॅरेजातला फिटर. माझ्या मुलाचा मित्र. दोघांनी मिळूनच अँप्लिफायर बसवला होता. समोरच्या शेजाऱ्यानं त्याला मंगळवारी साडेतीनला आमच्या गाडीतून उतरताना पाहिलं. विचारलं तर म्हणतो, मी आलोच नव्हतो. तोंडावर खोटं."

"कोणत्या दारानं उतरला?"

"डावीकडच्या. ड्रायव्हरच्या शेजारच्या दारानं. त्यानं काय फरक पडतो?"

"घरात कोण असतं?"

"बायको. ती दुपारी गोळी घेऊन झोपते. किल्ली खुंटीला असते. तिला गाडी येत नाही आणि तिला यातलं मी काही सांगितलेलंही नाही. आधीच खचलीय. सोमवारी गॅरेजवाल्याला लेखी तक्रार देतो. तो त्याला त्याच दिवशी काढेल. दुसऱ्याच्या मुलाचं वाईट करायची हौस नाही मला. पण मेलेल्या मित्राची गाडी उडवत हिंडायचं?"

उठताना त्यांनी पुन्हा गुडघा चोळला. "वय झालं. कालच स्टिअरिंगला घासत होता. आरसाही ढिला झालाय, आपोआप खाली झुकतो. गाडी म्हातारी, मी म्हातारा."

तो शनिवार होता. आदल्या संध्याकाळी अँप्लिफायर बंद पडलेला, म्हणून गाडी गॅरेजात जायचीच होती. घड्याळजी गाडी तिथे सोडून दुकान उघडायला गेले. बाई आणि मास्तर मागे राहिले.

गॅरेजवाला आडव्या अंगाचा, हसतमुख माणूस. तो सीटवर बसला, सीटची खटकी दाबून मागे सरकला आणि अँप्लिफायर चालू केला. गाडीभर गाणं घुमलं. त्यानं गाडी हलवली, दारं आपटली. गाणं चालूच.

"बघा. कुठे काय आहे?" तो म्हणाला. "हा डबा ड्रायव्हरच्या सीटखाली बसवलाय. कुठे तार लोखंडाला टेकली, की तो जळण्याआधी स्वतःच बंद होतो. तो लाल दिवा म्हणजे, बाबांनो, मला वाचवा. पण इथे आला की ठणठणीत."

"तुम्ही सीट मागे घेतलीत."

"मग? पोट घरी ठेवून येऊ?"

बाई स्वतः आत बसल्या. सीट शेवटच्या खाचेत होती. त्यांनी ती एक खाच पुढे घेतली आणि मास्तरांना मागून गाडी दाबायला सांगितलं. मास्तरांनी मनापासून दोन हिसके दिले. गाणं तुटलं. लाल दिवा लागला. शेवटच्या खाचेत सीट नेली, तर अँप्लिफायर पुन्हा वाजायला लागला. गॅरेजवाल्यानं गालिचा उचलला. स्पीकरची तार सीटच्या पट्टीखाली येऊन सोलली होती.

"संपलं की!" मास्तर हात झटकत म्हणाले. "तार चिमटते. चिकटपट्टी लावा आणि घरी चला."

"तार का चिमटते ते कळलं," बाई म्हणाल्या. "घड्याळजी सहा फूट. त्यांची सीट कायम शेवटच्या खाचेत असणार. मग ती आठवड्यातून दोनदा पुढे येते कशी?"

मास्तरांनी हात पुन्हा खिशात घातले.

फिटरबद्दल विचारल्यावर गॅरेजवाल्यानं आवाज खाली आणला. "कामाला चोख आहे. पण मंगळवार-शुक्रवार दुपारची सुट्टी घेतो. पगार कापला तरी घेतो. कुठे जातो, सांगत नाही."

फिटर मागच्या बाजूला एका गाडीचं बॉनेट उघडून उभा होता. काटकुळा आणि चांगला उंच. मास्तरांना वाटलं, हाच तो. मास्तरांना नेहमी असंच वाटतं.

"मंगळवारी घड्याळजींच्या गाडीत तू होतास?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"सोमवारी तुझी नोकरी जाणार आहे."

त्यानं पाना खाली ठेवला. "जाऊ दे. मी शब्द दिलाय."

"कोणाला?"

त्यानं पाना पुन्हा उचलला आणि नुसतं म्हणाला, "तो गेला त्या दिवशी गाडी दारातच उभी होती, बाई." आणि त्यानं डोकं पुन्हा बॉनेटखाली घातलं.

बाईंनी गॅरेजवाल्याला तार आहे तशीच ठेवायला सांगितली.

रविवारी संध्याकाळी दोघं घड्याळजींच्या घरी गेले. घर आटोपशीर होतं. भिंतीवरची सगळी घड्याळं एकाच वेळी टिकटिकत होती. घड्याळजींच्या पत्नी पाणी घेऊन आल्या. काकू लहानखुऱ्या होत्या, मास्तरांच्या खांद्यालाही लागल्या नसत्या.

"दुपारी झोप लागते का हो?" बाईंनी सहज विचारलं.

"लागते की. गोळी असते ना," काकू म्हणाल्या. दारात त्यांच्या चपलांशेजारी रबरी तळव्याचे नवे बूट होते. तिकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

बाईंनी घड्याळजींना सगळ्यांना गाडीतून एक चक्कर मारून आणायला सांगितलं. घड्याळजी गाडी चालवत होते, शेजारी मास्तर, मागे बाई आणि काकू. त्या दिवशी गाणं न अडखळता वाजत होतं. वळणावर एक सायकलवाला अचानक आडवा आला. मास्तरांनी डोळे मिटले. काकूंचा उजवा पाय मात्र मागच्या सीटसमोरच्या जमिनीवर घट्ट दाबला गेला.

परतल्यावर बाईंनी फिटरला बोलावून घेतलं. तो दाराशीच उभा राहिला.

"आत ये," बाई म्हणाल्या. "काकू, तुम्हीही बसा. एक गोष्ट तुम्हाला कोणी सांगितलेली नाही. उद्या तुमचे यजमान याच्याविरुद्ध तक्रार देणार आहेत. याची नोकरी जाईल."

"याची?" काकू ताडकन उठल्या. "यानं काय केलं?"

"मी अँप्लिफायरचं सांगते. पुढचं तुम्ही ठरवा." बाई घड्याळजींकडे वळल्या. "तुमची सीट एक खाच पुढे असली की तार चिमटते आणि तो स्वतःला बंद करतो. गॅरेजवाला पोटासाठी सीट मागे घेतो, म्हणून तिथे दोष दिसत नाही. नंतर तुम्ही त्याच खाचेत गाडी नेता, म्हणून दोन-तीन दिवस ठीक. मंगळवारी आणि शुक्रवारी सीट कोणीतरी खूप पुढे ओढतं आणि परत ठेवताना एका खाचेनं चुकतं. त्या दिवशी तुमचे गुडघे घासतात. आरसाही ढिला नाही. खालून बघणाऱ्या डोळ्यांसाठी तो वळवलेला असतो."

"म्हणजे हा..."

"हा तुमच्याएवढाच उंच आहे. याला सीट पुढे ओढायची गरजच काय? शिवाय शेजाऱ्यानं याला ड्रायव्हरशेजारच्या दारानं उतरताना पाहिलं. गाडी उडवणारा त्या दारानं उतरत नाही, शिकवणारा उतरतो. मौज म्हणून हिंडणारा दर वेळी मोजून नऊ किलोमीटर जात नाही. किल्ली खुंटीवरून घेतली जाते आणि घरात एकच माणूस असतं. सायकलवाला आडवा आला, तेव्हा तुमच्याबरोबर आणखी एका पायानं ब्रेक दाबला. मी शेजारी बसले होते. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला निघाला होतात तुम्ही. आणि खरं तर इथे चोरही नाही."

मास्तरांनाही या वेळी सगळं कळलं आणि कळलं नसतं तर बरं, असं वाटलं.

"मीच त्याच्याकडून शब्द घेतला होता," काकू म्हणाल्या. "गाडी मी चालवते. दहा आठवडे झाले."

घड्याळजी उभे होते ते खाली बसले. पहिल्यांदा त्यांनी फिटरकडे पाहिलं. "मला माफ कर रे," ते म्हणाले. फिटरनं मान हलवली आणि डोळे पुसले.

मग ते बायकोकडे वळले. "मला का नाही सांगितलंस? मी नको म्हटलं असतं का?"

"म्हटलं होतंत." काकूंच्या आवाजात राग नव्हता. "आपला मुलगा दुसरीत होता तेव्हा. मी म्हटलं, मलाही शिकवा. तुम्ही म्हणालात, तुला कशाला, मी आहे ना. प्रेमानंच म्हणालात. मलाही ते बरं वाटलं होतं."

घड्याळजींनी डोळे मिटून घेतले.

"त्या दुपारी तुम्ही दुकानात होता. किल्ली खुंटीला होती. गाडी दारात होती. तो माझ्या हाताला धरून श्वास मागत होता आणि मी रुग्णवाहिकेची वाट बघत होते. पन्नास मिनिटं. दोनदा अंगणात जाऊन त्या गाडीला हात लावून आले मी. पुढे काय करायचं ते माहीत नव्हतं." त्यांनी पदर सारखा केला. "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्हाला तुमचं बोलणं आठवलं असतं. एवढं ओझं घेऊन तुम्ही जगला नसतात. म्हणून नाही सांगितलं."

"पण आता शिकून काय?" घड्याळजींनी विचारलं. "आता कोणासाठी, गं?"

"कोणासाठी नाही."

"मग ते नऊ किलोमीटर... कुठे जातेस तू?"

"हॉस्पिटलच्या दारापर्यंत. वळते आणि परत येते."

खोलीतली घड्याळं चालत होती. काकूंनी घड्याळांकडे पाहिलंही नाही.

"अकरा मिनिटं लागतात हो," त्या म्हणाल्या. "मी हळू चालवते, तरी अकरा."