एक मिलिमीटरच्या आत

त्याची नि माझी पहिली भेट एका बादलीवर झाली. झाकणाची पांढरी बादली, आत फॉर्मॅलीन, आणि त्यात शस्त्रक्रियेनं काढलेलं स्वादुपिंडाचं डोकं, गाठीसकट. कडीवर माझा हात पडला आणि त्याच क्षणी पलीकडून त्याचाही.

"मॅडम, ही बहुतेक माझी."

"इथं सात वर्षं स्वादुपिंड मी कापते."

"हो... ऐकलंय," तो म्हणाला आणि हसला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते फॉर्मॅलीनचं. आमच्या खोलीत सगळ्यांच्याच डोळ्यांत येतं, त्यामुळे पॅथॉलॉजीत कोण कधी भावुक झालं, हे निवृत्तीपर्यंत कळत नाही.

भांडण रीतीचं होतं. मी पित्तनळीत सळई घालते, तिच्या रेषेत सुरी चालवते आणि नमुना पुस्तकासारखा उघडते. माझ्या सरांनी तसंच शिकवलं होतं. हा नवा डॉक्टर मात्र पाव कापावा तसा आडवा कापायचा. चौदा-पंधरा पातळ चकत्या, ओळीनं मांडून फोटो.

"उघडलं की नळी सुंदर दिसते," तो म्हणायचा, "पण गाठ कडेला पोचली का, ते चकतीतच दिसतं."

गाठ आणि कड यांच्यात एक मिलिमीटरहून कमी अंतर असलं, तर पोचली असंच आम्ही धरतो. सगळा जीव त्या एका मिलिमीटरात.

विभागप्रमुखांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि कुणाचीच बाजू घ्यावी लागणार नाही असा निर्णय दिला: वर्षभर तुलना करा. विषम क्रमांकाचे नमुने माझे, सम त्याचे. ठरलेली रीत मोडली, तर वहीत कारण लिहायचं.

टेबलं समोरासमोर आली. कडा रंगवायच्या शाईच्या बाटल्या मात्र दोघांत मिळून एकच संच.

"हिरवी देता?"

"मागच्या कडेला काळी लावतात, डॉक्टर."

"माहितीये. पण हिरवी तुमच्याजवळ आहे..."

"ही चित्रकलेची परीक्षा नाही," मी म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून हिरवी बाटली रोज माझ्याजवळच कशी राहिली, याचा खुलासा मला करता येणार नाही.

सगळं ठीक चाललं असतं. पण सर्जनबाई खाली उतरल्या.

सात वर्षांत या बाईंनी मला फक्त फोन केले होते. "काय निघालं? लवकर सांगा." खट्. आता प्रत्येक सम क्रमांकाला त्या दोन मजले जिने उतरून जातीनं येऊ लागल्या. त्याच्या खांद्याशी उभ्या राहून चकत्यांचे फोटो बघायच्या. कुजबुज चालायची. अंतरं मोजणं हा माझा पेशा. पहिल्या आठवड्यात दोन खांद्यांत वीतभर जागा होती, तिसऱ्यात चार बोटं.

"मॅडम, पातं बदलून देऊ?" आमचे टेक्निशियन काका म्हणाले. "आज फार दाबताय."

"पातं ठीक आहे, काका."

"मग त्या बिचाऱ्या नमुन्याचं काय चुकलं?"

घरी ताईनं सरळच विचारलं, "जळतेयस का गं तू?"

"अजिबात नाही. मला त्याची पद्धत मान्य नाही."

"पद्धत होय! मग त्याच्या शर्टाचा रंग सकाळपासून मला तीनदा का सांगितलास?"

आणि मग आला सदतीस क्रमांक. विषम, म्हणजे माझा. कडा रंगवल्या, सुरी उचलली, तेवढ्यात सर्जनबाई आल्या. दोन डोकी एका फोटोवर वाकली. तो काहीतरी हळू बोलला. त्यांनी त्याच्या टेबलावर तळहात टेकला... माझी नजर तिकडे, हात इकडे.

खाली पाहिलं, तर फळीवर सात चकत्या. आडव्या, एकसारख्या, देखण्या. सळई बाजूला कोरडीच पडलेली. रुग्णाचं काही बिघडलं नव्हतं, अहवाल दोन्ही रीतींनी नीट येतो. बिघडलं होतं ते माझं. सात वर्षांची रीत माझ्या हातानं परस्पर सोडली होती.

तेवढ्यात सर्जनबाईंचा आवाज चढला. "तुम्ही यायच्या आधी माझ्या दहा रुग्णांतल्या तिघांच्या कडेला गाठ निघायची. आता सात! माझा हात बिघडला, की तुमची सुरी?"

"हात तोच आहे, मॅडम. आधी दिसत नव्हतं, आता दिसतंय. महिनाभर तेच सांगतोय."

दार आपटलं. महिनाभराची कुजबुज ती हीच.

तो माझ्या टेबलाशी आला. चकत्या बघून थबकला. "हा... विषम ना?"

"हो."

"वहीत लिहावं लागेल," तो म्हणाला आणि एकदम घाईघाईनं, "आणा, मीच लिहितो."

त्याच्या घाईमुळेच मी वही आधी ओढली. माझ्या आधी एकच नोंद होती, तीन आठवड्यांपूर्वीची, त्याच्या अक्षरात. 'नमुना बावीस. काप घेण्याऐवजी पुस्तकासारखा उघडला. कारण: समोरच्या टेबलावर मॅडम गुणगुणत होत्या. हात त्यांच्यासारखा चालला.' खाली विभागप्रमुखांची सही, म्हणजे कुणीही वाचलं नव्हतं.

कान तापले माझे. मी पेन घेतलं. 'नमुना सदतीस. उघडण्याऐवजी आडवे काप. कारण: मत्सर.'

त्यानं वाचलं. "कुणाचा? त्यांचा? अहो, त्या मला झापायला येतात!"

"मला काचेतून एवढंच दिसलं..." आमच्यामध्ये काच नव्हतीच. माझा चष्मा होता फक्त.

"उरलेल्या चकत्या मी करू?" त्यानं विचारलं.

"नाही. मी करते. तू फक्त दाखव... किती पातळ."

तो शेजारी येऊन उभा राहिला. नवव्या चकतीला त्याचा खांदा जवळ आला, बाराव्याला आणखी. काका पट्टी घेऊन आले. "मोजायचंय ना, मॅडम?"

"नको, काका," मी म्हणाले. "पोचलंय."