अर्ध्या माहितीचा सौदा

बुधवारी सकाळी खासगी तपास करणाऱ्या नोह यॉन-जू यांच्या मापो भागातल्या कचेरीत जो तरुण आला, त्याला पाहून खालच्या छापखान्यातली पोरं काम टाकून जिन्यापर्यंत धावली. बाईंचे मदतनीस प्यो चाँग-गिल यांना मात्र त्यात काही विशेष दिसलं नाही. उजव्या मनगटाला पट्टा, पाठीवर लांबट पिशवी, डोळे जागरणानं लाल.

"पिशवी ठेव की खाली," चाँग-गिल म्हणाले.

"नको, काका. आत माझा कीबोर्ड आहे. मी तो कुणाच्या हाती देत नाही. स्टेजवरसुद्धा माझा मीच नेतो आणि माझा मीच लावतो."

हा कांग उइजिन. हेरॉन संघाचा मधल्या जागेवरचा खेळाडू. संगणकावर खेळल्या जाणाऱ्या सांघिक लढाईत मधली जागा म्हणजे संघाचा कणा.

"माझ्या जागी खेळणाऱ्या मुलावर संघाचं गुपित फोडल्याचा आळ आलाय," तो म्हणाला. "मो हानग्योल. उद्या दुपारी शिस्त समिती त्याला जन्मभरासाठी बंदी घालणार. बाई, त्यानं काही केलेलं नाही."

"तुझ्या जागेवर डोळा असलेला मुलगा, आणि त्याची वकिली तू करतोस?" चाँग-गिलनी विचारलं. तीस वर्षं पोलिसात काढलेल्या माणसाला असलं औदार्य पचत नाही.

"त्याला मी रोज बघतो, काका. एवढंच."

यॉन-जू बाईंनी सातूचा चहा पुढे सरकवला. विमा कंपनीत वीस वर्षं खोटे दावे पकडून त्यांना एक सवय लागली होती: समोरच्याला घाई करायची नाही.

हकीकत साधी होती. परदेशात एक बाजार चालतो. इथून त्यात हात घालायला कायद्यानं बंदी, पण घालणारे घालतात. 'हेरॉन जिंकेल' असा हिस्सा तिथे विकत मिळतो. हेरॉन जिंकले तर त्याचे शंभर मिळतात, हरले तर शून्य.

"म्हणजे भाव अडुसष्ट असला, तर शंभरातून अडुसष्ट वेळा हेरॉन जिंकतील असं लोकांना वाटतं," बाईंनी चाँग-गिलना सांगितलं.

गेल्या शनिवारी भाव अडुसष्टच होता. दुपारी दोन वाजून बारा मिनिटांनी कुणीतरी 'हेरॉन हरणार' यावर धडाधड पैसे लावले. भाव एकेचाळीसवर घसरला. चार वाजता पहिल्या डावाची यादी जाहीर झाली: उइजिनऐवजी हानग्योल. गुपित दोन तास आधीच फुटलं होतं.

"गुपित कुणाकुणाला माहीत होतं?"

"सकाळी अकराला ठरलं. र्यू कोच, आमच्या फिजिओ उनब्योलताई, मी आणि हानग्योल. सामना तीन डावांचा, दोन जिंकले की सामना आपला. ताई म्हणाल्या, हात फार तर दोन डाव टिकेल. म्हणून पहिला डाव हानग्योल आणि पुढचे दोन मी, असं ठरलं. पहिला हरलो, पुढचे दोन जिंकलो."

"आणि तो पैसे लावणारा?"

"मधेच हिस्से विकून पैसे काढता येतात, पण तो शेवटपर्यंत थांबला. सगळं बुडालं त्याचं."

बाईंनी कप खाली ठेवला. "एक सांग. नुसत्या पहिल्या डावावरही पैसे लावता येतात?"

"येतात. चार वाजेपर्यंत त्यावर कुणी काहीच लावलं नव्हतं."

चाँग-गिलनी वहीत टिपून घेतलं. त्यात टिपण्यासारखं काय होतं, ते त्यांना कळलं नाही.

दुपारी ते हानग्योलला सूपच्या खानावळीत भेटले. एकोणीस वर्षांचा पोरगा. चाँग-गिल त्याच्या डाव्या बाजूला दाटीवाटीनं बसले होते. चमचा उचलताना त्याचं कोपर दोनदा त्यांच्या वाटीला लागलं आणि सूप टेबलावर सांडलं. दोन्ही वेळा त्यानं उभं राहून माफी मागितली.

"समितीला तुझ्या फोनवर दोन वाजून पंधरा मिनिटांनी त्या बाजाराचं पान उघडलेलं सापडलं," बाई म्हणाल्या.

त्याचे कान लाल झाले. "मी रोज बघतो. पैसे कधीच लावले नाहीत. माझं नाव लागलं की भाव किती पडतो, ते बघायचं होतं. म्हणजे लोकांच्या लेखी माझी किंमत किती, ते कळतं."

"आणि यादी लागायच्या आधीच पडलेला दिसला?"

"हो. पण सांगणार कुणाला? बघतच का होतास, असं विचारलं असतं."

बाहेर पडताच चाँग-गिल म्हणाले, "पोरगा खरा वाटतो. पण खरे वाटणारेच गळा कापतात."

संघाच्या इमारतीत र्यू कोच येरझाऱ्या घालत होते. "माझा करार या महिन्यात संपतो, ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. म्हणून मीच माझा संघ विकला, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"मला एवढंच हवंय, की गुपित राखायला तुम्ही काय केलंत."

"सामानाच्या पिशव्यांवरची नावंसुद्धा काढली. स्टेजवर मांडामांड करणाऱ्या गीतेकला सांगितलं, काळी पिशवी मधल्या टेबलावर. कुणाची, ते सांगितलं नाही."

फिजिओ उनब्योल यांनी प्रश्न संपायच्या आतच उत्तर दिलं. "हो, दोन वाजून दहाला मी फोन केला होता. इस्पितळाला. उइजिनच्या मनगटाची तपासणी ठरवायला. येत्या शनिवारी अंतिम सामना आहे. हानग्योल नसेल तर हा हट्टी मुलगा तिन्ही डाव खेळेल आणि हात कायमचा जाईल. मला झोप लागत नाही, बाई."

जिन्यात चाँग-गिल कुजबुजले, "दोन दहाला फोन, दोन बाराला सौदा! नोहबाई, आणखी काय हवं?"

"दादा, दोन डावांचा सल्ला कुणाचा?"

"तिचाच."

"मग तो आठवणीत ठेवा."

शेवटी ओम गीतेक भेटला. चाळिशीचा, मनमिळाऊ, हाताला तारांचे चट्टे. अकरा वर्षं तो स्टेजवर टेबलं मांडत होता.

"मला कुठलं कळतंय? चार वाजता यादी लागली, तेव्हा जगाबरोबर मलाही कळलं."

"त्या दिवशी मांडामांडीत काही घोळ? काही बदलावं लागलं?"

"छे! एकदा मांडलं की मांडलं. पहिला डाव सुरू होईपर्यंत तारेलाही हात लावला नाही. अकरा वर्षांत माझ्या मांडणीला कुणी नाव ठेवलेलं नाही."

"शाबास," बाई म्हणाल्या. मांडणी झाली की तो सामने भरवणाऱ्या लीगला फोटो पाठवत असे. तो फोटो त्यांनी मागून घेतला आणि गाडीत चाँग-गिलच्या हाती दिला. "काय दिसतं ते मोठ्यानं सांगा."

"पाच खुर्च्या, पाच पडदे. पाण्याच्या बाटल्या. मधल्या टेबलावर माउस डावीकडे, बाटली उजवीकडे. बाकी चारांवर उलट. वेळ दोन वाजून पाच. यात काय आहे?"

"सगळं आहे," बाई म्हणाल्या आणि डोळे मिटून बसल्या.

गुरुवारी शिस्त समितीच्या खोलीत सगळे जमले. अध्यक्षांसमोर बंदीचा कागद टाईप होऊन तयार होता. बाईंनी परवानगी मागितली आणि त्या उभ्या राहिल्या.

"सगळे विचारतात, कुणाला माहीत होतं. मी विचारते, किती माहीत होतं? हानग्योल फक्त पहिला डाव खेळणार, हे ज्याला ठाऊक, तो पैसे कशावर लावेल? पहिल्या डावावर. तिथेच कमाईची खरी संधी होती. पण तिथे कुणी फिरकलंच नाही. सगळा पैसा पूर्ण सामन्यावर, आणि तोही बुडेपर्यंत ठेवलेला. म्हणजे या माणसाला वाटत होतं की उइजिन खेळणारच नाही. तो अर्ध्या हळकुंडानं पिवळा झाला."

बाई बोटांवर मोजू लागल्या.

"कोच, उनब्योल, उइजिन, हानग्योल. या चौघांना पूर्ण बेत माहीत होता. उनब्योल यांनी तर तो सुचवला. मग चौघेही सुटतात. उरतो तो, ज्यानं अर्धंच पाहिलं."

त्यांनी फोटो टेबलावर ठेवला. "मधला माउस डावीकडे आहे. डावखुऱ्याची मांडणी."

चाँग-गिलना एकदम सांडलेलं सूप आठवलं. ते पुटपुटले, "अरे देवा! पोरगा डावखुरा आहे."

"सगळ्या लीगमध्ये मधल्या जागेवरचा एकटा डावखुरा," र्यू कोच हळूच म्हणाले.

"गीतेक, तुम्ही काळी पिशवी उघडलीत आणि आत डाव्या हाताचा माउस निघाला. नावाची गरजच उरली नाही. उइजिनचा कीबोर्ड त्याच्याच पाठीवर, म्हणून तो तुम्हाला दिसला नाही. तो खेळणारच नाही, असं तुम्ही धरून चाललात. दोन पाचला फोटो, दोन बाराला सौदा. चारपर्यंत काही माहीत नव्हतं म्हणता, तर दोन पाचला डाव्या हाताची मांडणी कशी केलीत? नंतर काही बदललं नाही, हेही तुम्हीच सांगितलंत."

गीतेकनं आधी हसायचा प्रयत्न केला. मग दोन्ही हातांत तोंड लपवलं. "यादी लागल्यावर विकलं असतं तरी सुटलो असतो," तो म्हणाला. "पण मला खात्री होती. अकरा वर्षं सगळ्यांना जिंकताना बघतोय, बाई. वाटलं, एकदा आपणही." मग तो हानग्योलसमोर कमरेत वाकला. "तुझ्यावर आळ आला तेव्हाच बोलायला हवं होतं. भ्यालो."

हानग्योलला काय करावं सुचेना. तोही उठून वाकला. अध्यक्षांनी बंदीचा कागद उभा-आडवा फाडला.

शनिवारी चाँग-गिल आयुष्यात पहिल्यांदा असला सामना बघायला गेले. पडद्यावर कोण कुणाला मारतंय, ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. बाई शेजारी बसून सांगत होत्या, पण गोंगाटात ऐकू येईना.

पहिला डाव हानग्योलनं जिंकला. मध्यंतरात उइजिन पिशवी खांद्याला लावून पायऱ्यांपर्यंत आला, कोचशी काहीतरी बोलला, आणि नकारार्थी मान हलवून परत बाकावर जाऊन बसला. दुसऱ्या डावालाही हानग्योलच उतरला.

चाळीस मिनिटांनी सगळं सभागृह उठून उभं राहिलं, तेव्हा चाँग-गिलही उभे राहिले आणि पोलिसी आवाजात ओरडले, "कोण जिंकलं?"

"आपला पोरगा!" बाई ओरडल्या.

स्टेजवर उइजिन धावत पोचला होता, दुखरा हात छातीशी धरून, आणि दुसऱ्या हातानं हानग्योलला खुर्चीसकट मिठी मारत होता.