सोंगानं विचारलं तर

जेलच्या रस्त्यावरचा विजेचा खांब तीन महिने वाकलेला होता, आणि १९९९ च्या एप्रिलमधल्या एका सकाळी किशोर त्या खांबाशेजारी कॅमेऱ्यासमोर उभा होता. अंगात आकाशी रंगाचा घट्ट पोशाख, छातीवर पिवळी वीज, डोळ्यांवर काळ्या रेक्झिनची पट्टी आणि पाठीवर बैलाच्या झुलीसारखं लाल कापड. लग्नातल्या बँडवाल्यांचे कपडे शिवणाऱ्या शिंप्याने तो पोशाख शिवला होता, त्यामुळे खांद्यावर सोनेरी झालर राहून गेली होती. ती काढायला किशोरला कधी वेळ मिळाला नाही.

नाशिकच्या एका केबल चॅनेलवर रोज संध्याकाळी दहा मिनिटं ‘कॅप्टन निर्भय’ लागायचा. हा सुपरहिरो उडत नसे, स्कूटरवरून येई. उघडी गटारं, कोरडे नळ, बंद दिवे हे त्याचे शत्रू. साहेबाच्या टेबलासमोर उभा राहून तो एकच प्रश्न विचारी, “हे कोणी केलं?” साहेब आधी हसत, मग कॅमेरा दिसला की हसू आवरत, आणि आठवड्याभरात काम होई. पोरं त्याला सलाम ठोकत. मोठी माणसं म्हणत, कॅप्टन, आमच्याकडे ढेकूण फार झालेत, येता का? किशोर त्यांनाही हसून हात करी, पण पोशाख अंगात असेपर्यंत तो स्वतःला खरोखरच निर्भय समजत असे, हे त्याच्या आईखेरीज फक्त पल्लवीला माहीत होतं. पल्लवी कॅमेरा चालवायची. वडिलांचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान तिने एकटीने सांभाळलं होतं, आणि बॅटरी संपण्यापलीकडे तिला कशाचीच भीती नव्हती.

शूटिंग संपलं तेव्हा चहाच्या टपरीवरून एक म्हातारी उठून आली. लुगडं गुडघ्यापर्यंत, हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी.

“तूच का रं त्यो? टीव्हीत सायबांना इचारतो त्यो?”

किशोर हो म्हणाला.

“मंग माझ्या गावाला इच्यार. माझा पुंजा सात वरसं आत हाय, आन त्यानं केलेलं नाय.”

ही चिमणाबाई. सुरगाण्याच्या पलीकडे, गुजरातची हद्द हाकेवर असलेल्या उंबरधोंड गावची. महिन्यातून एकदा दोन एसट्या बदलून पोराच्या भेटीला यायची. किशोरने पोशाख बदलला आणि तिच्यासोबत भेटीच्या जाळीपाशी गेला. आत उभा असलेला माणूस पस्तिशीचा होता, पण बोलायला तोंड उघडलं की सत्तरीचा वाटे, कारण वरचे पुढचे चारही दात नव्हते. बारा वर्षांचा असताना मोहाच्या झाडावरून पडला होता.

चिमणाबाईने आधी त्याला त्याची बायको गेल्याचं सांगितलं. फुलाबाई होळीच्या सुमाराला तापाने गेली होती. “आता तिला कोण काय म्हननार नाय,” म्हातारी म्हणाली. “बोल आता.” पुंजाने कपाळ जाळीला टेकवलं. मग त्याने जे सांगितलं, ते सात वर्षांत त्याने वकिलालाही सांगितलं नव्हतं.

उंबरधोंडला चैत्रात बोहाडा होतो. देवांची आणि राक्षसांची लाकडी सोंगं रात्रभर संबळाच्या तालावर नाचतात. प्रत्येक सोंगाचा मान एकेका घराचा. म्हसासुराचा, म्हणजे महिषासुराचा मान पुंजाच्या घराचा. ते सोंग सगळ्यात शेवटी, तांबडं फुटताना निघतं, आणि ते एवढं जड की आतून आडवी बसवलेली सागाची दांडी दातात घट्ट धरावी लागते, नाहीतर मुखवटा मानेवरून गळून पडेल. पुंजाला दात नव्हते. तो डोक्यामागून कापडाने आवळून बांधायचा. जुनी, बापाच्या दातांनी झिजलेली दांडी त्याने काढली होती आणि रीत मोडू नये म्हणून तिथे कोरी दांडी बसवली होती. तिला कधी दात लागला नव्हता.

त्या वर्षी बोहाड्याच्या संध्याकाळी फुलाबाई बाळंत झाली. मूल मेलेलंच आलं. सुतकात सोंगाला हात लावता येत नाही. कुणालाही न सांगता पुंजा मूल पुरायला नदीकाठी गेला. म्हसासूर यंदा निघणार नाही एवढंच त्याच्या मनात होतं. पहाटे म्हसासूर निघाला, नाचला, आणि सगळ्या गावासमोर त्याने वाळू नावाच्या तरण्या पोराच्या मानेवर तलवार घातली. मग मशालींच्या धुरात आणि गोंधळात नाहीसा झाला.

कोर्टात कुणी खोटं बोललं नाही. कुणी मारलं? म्हसासुरानं. म्हसासुराचा मान कुणाचा? पुंजाच्या घरचा. विचारलं तेवढ्याचं उत्तर गावाने दिलं आणि जन्मठेप झाली. पुंजा गप्प राहिला, कारण सुतकाचं नाव काढलं असतं तर गावाने दोन गोष्टी जोडल्या असत्या. मेलेलं मूल आणि मोकळा सुटलेला राक्षस एकाच संध्याकाळी, म्हणजे फुलाबाई भुताळी, चेटूक करणारी. भुताळी ठरवलेल्या बाईचं काय करतात, हे त्या डोंगरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

किशोर बाहेर आला तेव्हा त्याच्या कानशिलाच्या शिरा तटतटल्या होत्या. पोलिसांनी तलवार जप्त केली होती, पण मुखवटा देवाचा म्हणून त्याला कुणी हात लावला नव्हता. म्हणजे दांडी अजून तिथेच होती, आणि ज्याने ती धरली त्याच्या दातांच्या खुणाही. चॅनेलचा मालक म्हणाला, सुरगाण्यात आपलं कनेक्शन नाही, तिथलं गटार आपलं नाही, कॅमेरा न्यायचा नाही. पल्लवी म्हणाली कॅमेरा तिच्या बापाचा आहे.

चिमणाबाईची अट एकच होती. टीव्हीतल्या वेशात यायचं. प्यांट-शर्टात आलास तर टोचायला आलेला डॉक्टर समजून लोक रानात पळतील, असं ती म्हणाली. पण उंबरधोंडात सोंगाने विचारलं तर खोटं सांगता येत नाही आणि नाही म्हणता येत नाही. सोंग अंगावर असेपर्यंत आतल्या माणसाला त्याच्या नावाने हाकही मारायची नाही. ती या गावची सगळ्यात जुनी रीत होती.

चिमणाबाईला घेऊन किशोर आणि पल्लवी पोचले तेव्हा भर दुपारचे बारा वाजत आले होते. सावली पायाखाली गोळा झालेली. आंब्याच्या झाडावर किडे कर्कश्श किरकिरत होते, आणि बुंध्याशी दहा-बारा बाप्ये बसले होते. आकाशी पोशाखातला माणूस जीपमधून उतरताना पाहून ते हसले नाहीत. उठून उभे राहिले.

सोंगांच्या खोलीची चावी झिपरूकडे. पन्नाशीचा, हाडापेराने मजबूत माणूस. कमरेच्या करगोट्याला चावी, आणि बोलताना दिसे तो वरचा सुळा, शेजारच्या दातावर चढलेला. मला म्हसासूर बघायचाय, किशोर म्हणाला. झिपरूने त्याच्या छातीवरची वीज पाहिली, गावाकडे पाहिलं, आणि मुकाट्याने कुलूप काढलं.

आत अंधार होता आणि शेंदूर, राळ, उंदीर यांचा वास होता. भिंतीवर सोंगं ओळीने टांगलेली. म्हसासूर कोपऱ्यात, तोंड भिंतीकडे करून. सात वर्षं तो निघाला नव्हता. किशोरने तो उलटा केला आणि टॉर्च लावला. कोऱ्या दांडीवर दातांची पूर्ण रांग उमटली होती, खोल, रागाने चावल्यासारखी. डाव्या बाजूला एकाशेजारी एक नव्हे, एकावर एक असे दोन खड्डे.

त्याने बोट लावलं. दांडी ओली होती. कोमट.

बाहेरची किरकिर एकदम थांबली.

“हातात घेऊन उंबऱ्याबाहेर न्यायचं नाय,” दारातून झिपरू म्हणाला. आवाज हळू होता. “निघलं तर तोंडावरच निघतं. आन बोहाड्याबिगर जो घालतो त्यो... एकटा परत येत नाय.”

झिपरूच्या मागे बाप्ये येऊन उभे राहिले होते. मुखवटा हातात घेऊन त्यांच्यातून जाता आलं नसतं. पोलीस आणावेत तर तेवढ्या वेळात दांडी चुलीत गेली असती. किशोरला जाळीला टेकलेलं कपाळ आठवलं. तो घाबरला होता, आणि त्याच भीतीचा त्याला संताप आला.

“आमच्या घरात देवही नाही न् भूतही नाही, काका,” तो म्हणाला. “बाजूला व्हा.”

दांडीवरच्या खुणा बिघडू नयेत म्हणून त्याने तिच्यावर रुमाल गुंडाळला, रुमालासकट दांडी दातात धरली आणि मुखवटा चढवला. मानेवर कुणी मांडी घालून बसल्यासारखं ओझं आलं. डोळ्यांच्या भोकांतून उजेडाच्या दोन चिरा दिसत होत्या. तोंडात बोळा, जबडा आवळलेला. घशातून हुंकारही निघत नव्हता. तो उंबऱ्याबाहेर उन्हात आला. लाकडाच्या आत स्वतःचा श्वास त्याला मोठ्याने ऐकू येत होता, आणि चार पावलांनंतर लक्षात आलं की श्वास दोन आहेत. तो आत घ्यायचा तेव्हा कुणीतरी सोडत होतं.

तो थांबला नाही. झिपरूसमोर जाऊन नुसता उभा राहिला.

झिपरू मातीत बसला. 

“मीच,” तो म्हणाला. थोडा थांबला. “चावी माझ्यापाशीच व्हती... पुंजा नदीकडं गेला, ते मी बघितलं. एकदा तरी नाचावं वाटलं.” पुन्हा थांबला, कुणाचं तरी ऐकतोय तसा. “तू नावानं हाक मारली म्हणून. समद्या गावापुढं हसून हाक मारली तू, वाळू... पोटात दारू व्हती.”

बाप्यांनी डोक्यावरची फडकी काढली. चिमणाबाई कुडाला धरून रडत होती. पल्लवीचा कॅमेरा हलला नाही. संध्याकाळी झिपरू आपल्या पायाने जीपमध्ये बसला आणि पोलिसांत हजर झाला. दांडी आणि टेप त्याच दिवशी ताब्यात गेल्या.

कोर्टाला पावणेदोन वर्षं लागली. दातांच्या डॉक्टरांची साक्ष झाली, झिपरूची कबुली झाली, आणि २००१ च्या जानेवारीत पुंजा जेलच्या दारातून बाहेर आला. खांब तोवर सरळ झाला होता. चिमणाबाईने त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि पहिलं काय विचारलं, तर भाकर चावते का रं तुला. त्या मधल्या काळात चॅनेलच्या मालकाने चिडून कार्यक्रम बंद ठेवला होता. आता सगळ्या पेपरांत नाव आल्यावर तोच पेढे घेऊन आला.

कोर्टाने टेप परत दिली, तेव्हा ती पाहायला किशोर, पुंजा आणि चिमणाबाई पल्लवीच्या दुकानात जमले. उंबरधोंडात सगळे अजून शपथेवर सांगत की त्या दुपारी मुखवट्यातून वाळू बोलला. किशोर दोन वर्षं हसण्यावारी नेत होता. झिपरू भीतीनेच फुटला, असं त्याचं म्हणणं होतं.

टेपवर वाळूचा आवाज नव्हताच. वारा होता, आणि झिपरूची उत्तरं. उत्तरांच्या मधल्या जागा मात्र नीट, एकेका प्रश्नाच्या लांबीच्या होत्या. वकिलांना कबुली हवी होती, त्यामुळे त्या जागांकडे कुणी पाहिलं नव्हतं. शेवटी, बाप्ये पांगायला लागल्यावर, झिपरू पुन्हा वर पाहून काहीतरी पुटपुटला होता. पल्लवीने आवाज वाढवला.

“झालं ना तुझं... आता ह्याला सोड. परका हाय त्यो.”

आणि पडद्यावरच्या मुखवट्याने सावकाश मान हलवली. नाही. पुन्हा एकदा, नाही.

“मी मान हलवली नव्हती,” किशोर म्हणाला.

 पुंजाने हात पुढे करून टीव्ही बंद केला. किशोर काळ्या पडद्याकडे बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर तोच संताप आला, सोंगांच्या खोलीतला. “नाही सोडायचं तर राहा म्हणावं,” तो म्हणाला. “फुकट नाही ठेवून घेणार. काम करावं लागेल.”

सोमवारी कॅप्टन निर्भयचा नवा भाग होता. शहरातल्या एका उघड्या चेंबरची चौकशी. किशोरने पावणेदोन वर्षांनी पोशाख चढवला, इंजिनिअर साहेबाच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिला आणि नेहमीचा प्रश्न विचारायला तोंड उघडणार, एवढ्यात साहेबाच्या हातातलं पेन खाली पडलं. साहेब त्याच्याकडे पाहत नव्हता. त्याच्या खांद्याच्या थोडं मागे पाहत होता.

“मीच,” साहेब म्हणाला. “तो मजूर जिवंत होता अजून... मीच खड्डा बुजवायला सांगितला. नव्वद साली. पण तुला... तुला कोणी सांगितलं?”

त्या मजुराबद्दल नाशिकात कुणालाही काही माहीत नव्हतं. किशोरच्या मानेवर ओळखीचं ओझं आलं, आणि कानाशी कुणीतरी श्वास सोडला. तरी तो एक पाऊल पुढे सरकला.

“पल्लवी,” मागे न बघता तो म्हणाला, “कॅमेरा बंद करू नकोस.”