झुंबर आडवं पडून बघताना

"उभ्याने निवडू नकोस हं, बयो. आधी आडवी हो, मग बघ. मला जे दिसणार, तेच तुला दिसलं पाहिजे."

आत्याचं हे बोलणं कानात घेऊनच ती जुन्या झुंबरांच्या दुकानात शिरली. खुब्याचं हाड मोडल्यापासून आत्या पुढच्या खोलीत, खिडकीपाशी खाटेवर होती. हाड केव्हाच जुळलं होतं. "आता चाला," असं सांगून डॉक्टर थकले होते. पण पुन्हा पडण्याची जी धास्ती मनात बसली, ती काही हलायला तयार नव्हती. "मी इथेच बरी," आत्या म्हणायची. "फक्त वर बघायला काहीतरी छानसं आण. पंखा बघून बघून मलाच गरगरायला लागलंय."

दुकानात चिटपाखरू नव्हतं. वर मात्र झुंबरंच झुंबरं... पितळेची, काचेची, कुणाच्या तरी घरात उजळून, दमून इथे आलेली. दारातून वारा आला की सगळ्या लोलकांची बारीक किणकिण व्हायची. तिने इकडेतिकडे पाहिलं, पर्स उशाला घेतली आणि देवाचं नाव घेऊन फरशीवर सरळ आडवी झाली. तेवढ्यात वरून धूळ पडली. तिने डोळे गच्च मिटले.

...आणि तोंडावर गार पाणी आलं.

"अहो, हे काय!" ती ताडकन उठून बसली.

समोर हातात मग घेतलेला दुकानदार. चेहऱ्याचा रंग उडालेला. "आलात शुद्धीवर..."

"शुद्धीवरच होते मी. झुंबर बघत होते."

"डोळे मिटून?"

"तुमच्याच झुंबरातली धूळ डोळ्यात गेली म्हणून."

त्याने घाईघाईने पुढे केलेल्या पंच्याला पितळ घासायच्या पावडरचा वास होता. तोंड पुसता पुसता तिने आत्याचं सगळं सांगितलं. तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही. आतून सतरंजी आणून त्याने अंथरली, आणि तिच्यापासून चांगली हातभर जागा सोडून स्वतःही आडवा झाला.

"इतकी वर्षं यांना धुतोय, पुसतोय, जोडतोय," तो वर बघत हळूच म्हणाला, "पण खालून कधी पाहिलंच नाही. हे बघा ना... उभ्याने केवढं भारदस्त वाटतं. आणि आत्ता?"

"टोपली," ती म्हणाली.

"उलटी टोपली," तो म्हणाला. मग मात्र दोघंही हसली.

त्या दिवशी काही पसंत पडलं नाही. पुढच्या शनिवारीही नाही. ती चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायची. शनिवारी तिकडची अर्धी सुट्टी झाली की पावलं आपोआप इकडे वळायची. तोवर सतरंजी घातलेली असायची. एक उशी आली. मग दोन.

"पहिलं बरं की दुसरं?" ती सवयीने विचारायची.

"दुसरं."

"आता?"

"आता... तुम्ही मध्ये आलात."

"म्हणजे अंधुक दिसत असेल."

"उलट. आत्ताच जरा स्पष्ट दिसायला लागलंय."

ती भराभर दुसऱ्या झुंबराकडे बोट दाखवायची. ते बोट कशाकडे आहे हे मात्र दोघांनाही नीटसं कळत नसे.

घरी आल्यावर आत्या विचारायची, "आजही नाही?"

"मनासारखं नाही मिळालं गं."

"त्या दुकानात झुंबरं आहेत ना? की नुसता दुकानदारच आहे?"

ती आत्याचं पांघरूण सारखं करायला लागायची. आधीच सारखं असलेलं.

शेवटी एका शनिवारी त्याने आतून एक लहानसं झुंबर काढून टांगलं. बाहेरून पितळेचं रुंद कडं, आणि कड्याच्या आत थेंबांसारखे लोलक. दिवा लावला तसे लोलकांच्या पोटात रंग जागे झाले... निळा, मग केशरी, मग कुठला तरी न सांगता येणारा हिरवा. कोणीतरी ओंजळीत पाणी धरून वर उभं आहे, असं वाटत होतं.

"हेच," दोघंही एकदम म्हणाली.

वरची नजर न काढता तो म्हणाला, "हे घेऊन गेलात की... शनिवारी काय करायचं?"

तिने मान वळवली नाही. "आत्याने मला वाढवलं. ती उठून चालायला लागेपर्यंत स्वतःचा काही विचार करायचा नाही, असं ठरवलंय मी. तिला खाटेवर ठेवून मी कुठे जाऊ?"

"मी कुठे न्यायला निघालोय? मी तर आणून द्यायला निघालोय..."

"नका ना बोलू," ती म्हणाली. आवाज इतका मऊ होता की तो उठून झुंबर खाली उतरवायला लागला.

दुसऱ्या दिवशी तो खोकी घेऊन घरी आला. एकेक लोलक कागदात गुंडाळलेला. ती सोडवून देई, तो शिडीवरून अडकवी. बोटाला बोट लागलं की काच किणकिणायची, आणि खिडकीपाशी आत्या उगाच खोकायची. झुंबर लागलं. दिवा लागला. दोघं खाली उभी राहून वर बघत राहिली.

"छान आहे," आत्या म्हणाली. "मला पितळेची पट्टी दिसतेय. आतलं तुम्हालाच दिसत असेल."

दोघंही वळली. छताची कडी खोलीच्या मधोमध होती. खाट खिडकीशी. आणि झुंबराचं सगळं सौंदर्य त्या रुंद कड्याच्या आत.

तिने कपाळावर हात मारला. रोज त्याच खाटेवर आत्याला वाटीने दूध पाजत होती ती.

"इतके शनिवार बरोब्बर खाली पडून बघत होतात," आत्या म्हणाली, "माझी खाट कुठे आहे ते एकालाही आठवलं नाही?"

"मला खाट ठाऊक नव्हती, आत्या," तो चाचरत म्हणाला. "पण विचारायला हवं होतं. खाट जरा अलीकडे सरकवू या?"

"खिडकी सोडणार नाही मी."

"आणि झुंबर तिकडे हलवावं, तर झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर मी कधी टांगत नाही. दुसरं आणून देतो."

"काही नको. मला कळायचं ते कळलं. काय रे, मागणी घातलीस का हिला?"

त्याचे कान लाल झाले. "घातली... अर्धी."

"अर्धी?"

"उरलेली यांनी घालू दिली नाही. तुम्ही उठल्याशिवाय नाही म्हणाल्या."

आत्याचं हसू मावळलं. ती आपल्या पायांकडे बघत राहिली.

"माझ्यावर टाकलंस होय, बयो?"

"आत्या, तसं नाही गं..."

"तसंच आहे. आणि चूक तुझी नाही. पाय धडधाकट आहेत माझे. भिऊन पडून राहिलेय." तिने पदराने नाक पुसलं. "आत जा दोघं. याला पुरतं बोलू दे. तू हो म्हणालीस, तर मी चालत येऊन त्या झुंबराखाली उभी राहीन. शब्द आहे माझा."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर इथेच पडून रोज तुझं डोकं खाईन."

स्वयंपाकघरात तिने चहाचं आधण ठेवलं. तो दाराशी उभा राहिला.

"उरलेली अर्धी..." तो म्हणाला, "एवढीच आहे. मला शनिवार पुरत नाहीत."

ती आधणाकडे बघत राहिली. पाणी उकळलं, आटलं, तरी साखर हातातच.

"आत्याला सोडून नाही राहायची मी."

"मी कुठे सोडायला सांगतोय? तुम्ही दोघी जिथे, तिथे माझी सतरंजी."

"...हो," ती म्हणाली. अगदी हळू. पण घर लहान, आणि आत्याचे कान तिखट.

बाहेर खाट करकरली. तो धावणार, तेवढ्यात तिने त्याचं मनगट धरलं. पहिल्यांदाच.

"थांबा. तिने हाक मारलेली नाही."

दाराच्या फटीतून दिसत होतं. आत्या खाटेच्या कडेला बसली होती. भिंतीशी उभा असलेला वॉकर तिने जवळ ओढला. त्याच्यावर कित्येक महिने टॉवेल वाळत होते. ते एकेक काढून तिने घडी घातली आणि उशीवर ठेवले. ओठ पुटपुटत होते. देवाचं नाव असावं. मग तिने एक पाय जमिनीवर टेकवला, जरा थांबली, आणि दुसरा टेकवला.