चोविसावी स्लाइड

पणजोबा काचेच्या पट्टीवर फोटो काढीत. आजोबा फोटोंच्या स्लाइड करून पांढऱ्या चादरीवर दाखवीत. वडिलांनी लग्नांच्या व्हिडिओंवर संसार केला. या तिघांचा वारस स्लाइडशो रचून स्वतः उभारलेल्या वेबसाइटवर ठेवीत असे. माणूस कसबी, मात्र कमालीचा भित्रा.

दाढ दुखली म्हणून तो दवाखान्यात गेला, आणि खुर्चीशी एक तरुण दंतवैद्य येऊन उभी राहिली.

"आ करा... घाबरलात?"

"न—नाही."

"मग माझा हात सोडा. मला तो कामाला लागतो."

दाढ वाचली, मन तेवढे त्या खुर्चीतच राहिले. त्याचा व्यवसाय कळताच तिने काम सोपवले. तिच्या आजी, निवृत्त मुख्याध्यापिका, ऐंशी वर्षांच्या होणार होत्या. मग रोज दुपारी दोघे फोटो निवडू लागली. तिच्या बाहीला लवंगेच्या तेलाचा मंद वास येई.

"इतकं हळू का चाललंय?"

"संपू नये म्हणून... म्हणजे, चुकू नये म्हणून."

ती डोळ्याला भिंग लावून हसत असताना त्याने तिचा एक फोटो टिपला होता. तेवीस स्लाइडनंतर त्याने तो लावला, खाली लिहिले, 'हिला कसे विचारावे?' आणि घाबरून ती स्लाइड लपवून टाकली. त्याच्या संगणकावर लपवलेली स्लाइड दिसत नसे. वेबसाइटवर चढवताना मात्र ती इतरांसारखीच उघडी पडते, हे त्याच्या ध्यानी आले नाही.

वाढदिवशी सभागृहात त्याच वेबसाइटवरून पडदा उजळला. पाच गावांतल्या नातलगांनीही त्याच क्षणी आपापल्या मोबाइलवर वेबसाइट उघडली. एकोणिसाव्या स्लाइडला त्याची नजर कोपऱ्यातल्या आकड्यावर गेली: १९ / २४.

लपवलेली स्लाइडही मोजली गेली होती. पडदा बंद करता आला असता. पाच गावांतले मोबाइल कसे बंद करणार?

वीस. एकवीस. शेजारी ती मजेत हसत होती. बावीस... त्याने डोळे मिटले. काम जाईल, अब्रू जाईल, आणि त्याहून भयंकर म्हणजे ती जाईल.

डोळे उघडले तेव्हा पडद्यावर चोविसावी स्लाइड होती, खालच्या वाक्यासकट.

"इकडे ये," आजी म्हणाल्या. तो गेला. "माझ्या लग्नात आम्हा दोघांचा एकच फोटो निघाला, तो तुझ्या आजोबांनी काढलेला. उद्या देतो म्हणाले. अठ्ठावन्न वर्षं झाली. आता तू नातीचा माझ्या फोटोंमागे लपवलास. आमच्या घरचे फोटो दडवायची तुमच्या घराला खोडच आहे का?"

"तो... सापडलाय, आजी. आजोबांच्या पेटीत, वर तुमचं नाव लिहिलेलं. इतक्या वर्षांनी द्यायची लाज वाटत होती." त्याने पिशवीतून पाकीट काढून त्यांच्या हातात दिले.

नात त्याच्या बाजूला येऊन उभी राहिली. "आणि ते खालचं वाक्य? ते तोंडानं विचारा. आ करा."

"माझ्याशी... लग्न कराल?" त्याने पुन्हा तिचा हात घट्ट धरला होता.

"करेन," ती हळूच म्हणाली. "फक्त आता हात सोडू नका."

आजींचे तिकडे लक्षच नव्हते. पाकिटातून बावीस वर्षांची नवरी आणि तिच्याकडे चोरून पाहणारा नवरा बाहेर आला होता. त्यांनी चष्मा पुसला, फोटो उराशी धरला.

"फिटलं," त्या म्हणाल्या. "तुमच्या घराकडे आता आमचं काही बाकी नाही."