अर्धी राखलेली गोष्ट

मुलगा सुजित चाकणला शिफ्टसाठी निघाला, की दिघीचे यशवंतराव त्याला एक गोष्ट सांगायचे. तीही अर्धीच. एकाहत्तरच्या लढाईत ते नौदलात होते, तिथली ही रीत. कुणी पहाऱ्यावर निघाला की त्याला हसवायचं, पण शेवट राखून ठेवायचा. शेवट ऐकायला माणूस परत येतो म्हणे. सून विजयश्रीला हे म्हातारपणाचे चाळे वाटत.

त्या सकाळी त्यांनी कॅप्टनची टोपी खाणाऱ्या बोकडाची गोष्ट काढली. बस चुकायची वेळ आली, तरी सुजित ऐकतच उभा. पोळ्या लाटता लाटता विजयश्री करवादली, "अहो, मी ऐकलीय ही. शेवटी सगळे त्या बोकडालाच सलाम ठोकतात. निघा आता." सुजित खो खो हसत जिना उतरला.

सासऱ्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"काय केलंस सूनबाई? आमच्या जहाजावरच्या रंगरावालाही असाच कुणीतरी शेवट सांगून टाकला होता. हसत खाली बॉयलरकडं गेला, अन् जहाज बुडालं... तो काही वर आला नाही."

तिनं उडवून लावलं खरं, पण मनात पाल चुकचुकलीच. दुपारी आभाळ भरून आलं. परतीच्या बसची वेळ टळली. सुजितचा फोन बंद. कंपनीत विचारलं, तर तो कधीच निघालाय म्हणाले. घरात कुठूनसा डिझेलचा आणि खाऱ्या पाण्याचा वास येऊ लागला.

सासऱ्यांनी बाल्कनीत दोन कप चहा मागितला. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडं बघत ते हळू म्हणाले, "रंगराव... पोराला माघारी धाड. गोष्ट मला सांग. पार शेवटापर्यंत."

मग त्यांनी सुनेला बाल्कनीचं दार ओढून घ्यायला लावलं. बऱ्याच वेळानं दारापलीकडून त्यांचं हसू ऐकू आलं. त्यामागोमाग आणखी कुणीतरी हसलं... तिथं डोकावायची विजयश्रीची छाती झाली नाही.

दिवेलागणीला बेल वाजली. दारात सुजित, धडधाकट. बसथांब्यावर एक नखशिखांत ओला खलाशी भेटला, गोष्ट सांगत पुढं चालू लागला, असं तो सांगत होता.

"थांब्यामागच्या दगडखाणीत साचलेल्या पाण्यापर्यंत मी त्याच्यामागं कसा गेलो, कळत नाही. तिथं तो मध्येच थांबला. म्हणाला, घरी जा, शेवट तुझ्या बाबांना सांगायचाय."

विजयश्री बाल्कनीकडं धावली. सासरे हसऱ्या चेहऱ्यानं खुर्चीत गार पडले होते. तिनं हंबरडा फोडला.

दुसरा कप रिकामा होता. समोरच्या खुर्चीची गादी पिळून काढावी इतकी ओली होती, आणि पाऊस अजून पडलाच नव्हता.