शेवटी चालणारी मुलगी

तो मला पहिल्यांदा दिसला तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखलात रुतून स्वतःच्याच बुटाशी भांडत होता.

"सोड ना रे! आत्ताशी तर कोबीचे मळे संपलेत, अजून तीन दिवस जायचंय!"

"ओरडून तो सोडणार नाही," मी मागून म्हटलं. "आधी टाच उचल, मग चवडा. हळू..."

बूट फस्सकन सुटला आणि तो मागच्या मागे बसला. चिखलातच. मग वर बघून इतका मोकळा हसला, की मीच खाली बघितलं. खरं तर पडला होता तो!

"मी जुदिएल. कागायान शहरातून. आणि तू?"

"मी शेवटची."

"हे काय नाव झालं?"

"काम आहे ते. नाव हर्नालिन. बाबांचं हर्नान, आईचं एव्हेलिन. दोघांनी भांडून अर्धं-अर्धं वाटून घेतलं."

आमच्या डोंगरात वाटाड्या सगळ्यांच्या पुढे चालतो. पुढे माझे तातय होते, म्हणजे बाबा. आणि सगळ्यांच्या मागे एक जण असतो, जो कुणालाही स्वतःच्या मागे राहू देत नाही. या खेपेला ती मी! मला नुकतीच अठरा पूर्ण झाली होती, बारावीचं वर्ष होतं, आणि वाटाड्याच्या परवान्याचा अर्ज भरून ठेवला होता. त्यावर एकच सही बाकी होती, तातयांची. ते म्हणाले होते, "सिलिपोनहून इंपालादपर्यंत आठच्या आठ पाहुणे उतरव. मग बघू." गावात आजवर एकाही मुलीकडे परवाना नव्हता. मला तर रात्री स्वप्नातही ती सहीच दिसायची.

तर आठ पाहुणे. त्यातला एक जुदिएल आणि एक त्याची मोठी बहीण मारिवेलताई. बाकीचे सहा त्यांच्या गिर्यारोहण मंडळाचे, आणि सगळे एकजात बडबडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवाळाचं रान लागलं.

मी लहानपणापासून तिथे जातेय, तरी दरवेळी माझा आवाज आपोआप खाली येतो. झाडांची खोडं दिसतच नाहीत, नुसती हिरवी मऊ लोकर. वरून धुकं गळत असतं... पाऊस नव्हे, धुकंच, थेंब-थेंब. तातय रानाच्या तोंडाशी थांबले, टोपी काढली आणि रानाच्या न दिसणाऱ्या राखणदारांना म्हणाले, "आजोबा, आजी, लेकरं चाललीत. जरा वाट द्या."

"रोज विचारता?" जुदिएलनं मला हळूच विचारलं.

"दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरतोस का तू?"

त्यानं लगेच टोपी काढली. शेवाळाच्या एका गादीवर बोट टेकवून म्हणाला, "आजोबा, तुमचं घर फार सुंदर आहे. आणि तुमची ही नात फार रागीट आहे."

"ए!"

"तक्रार नाही, फक्त सांगितलं."

दिवसभर हेच. दोर धरून चढताना मागे वळून, "हर्नालिन, अजून किती लांब?" मी म्हणायची, "जवळच आलंय." तासाभरानं पुन्हा तेच, आणि माझंही तेच. शेवटी म्हणाला, "तुझं 'जवळच' आणि चंद्र... यात जास्त लांब काय गं?" मी इतकी हसले, की मानेवरची जळू काढायचं राहून गेलं. मग ती त्यानं काढली. दोन बोटांत अलगद धरून. आणि शपथेवर सांगते, जळूनं घेतलं त्याहून जास्त रक्त त्या क्षणी माझ्या गालांवर आलं असेल.

चूक त्यानंतर अर्ध्या तासात झाली.

मारिवेलताईच्या बुटाचा तळ निघाला. तिला एका मुळावर बसवून मी सुतळीनं तो बांधत होते. एक टोक दातांत, दुसरं मुठीत. बाकीचे पुढे गेले होते. जुदिएल तिठ्यावर उभा राहून म्हणाला, "मी गाठतो त्यांना. कुठून जाऊ?"

आमच्याकडे हात अडकलेले असले, की ओठांचा चंबू करून दिशा दाखवतात. शहरात असो, रानात असो, सगळे दाखवतात आणि सगळ्यांना कळतं. मी सुतळी दातांतून सोडली, त्याच्याकडे बघितलं आणि ओठांनी डावीकडे खुणावलं. तो हसला, मान डोलावली, आणि मी खाली बघून गाठ मारली. तो वळला कुठे, ते मी बघितलं नाही... शेवटच्या माणसानं जे बघायचंच असतं, नेमकं तेच.

संध्याकाळी झऱ्याजवळच्या मुक्कामावर तातय मोजत होते. "पाच, सहा, सात..." आणि थांबले.

जुदिएल नव्हता.

"कुठून सोडलंस त्याला?"

"तिठ्यावरून. डावीकडे दाखवलं होतं मी, तातय..."

"म्हणजे उजवीकडे गेला. वेत तोडणाऱ्यांच्या वाटेनं." ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. "अंधाराला दीड तास आहे. मी तिठ्यावर उभा राहतो, तू आत जा. माझी शिटी ऐकू येईल तिथपर्यंतच."

"मी? एकटी?"

"तुला ही वाट माझ्याइतकीच येते."

सकाळी हे ऐकलं असतं तर मी नाचले असते. आता नुसती धावले.

दबलेलं शेवाळ लगेच वर येत नाही. बुटाच्या आकाराची वाटी होते आणि तिच्यात पाणी साठतं. मी त्या वाट्यांच्या मागे मागे जात होते आणि तोंडानं पुटपुटत होते, "आजोबा, तो बडबड्या आहे पण चांगला आहे, परत द्या..." मागून तातयांची शिटी, माझी शिटी, पुन्हा त्यांची. धुकं इतकं दाट, की स्वतःचे हात धूसर दिसत होते. तरी ती शिटी पाठीवर हात ठेवल्यासारखी सोबत होती.

आणि मग पुढून आवाज आला. "इथे! इथे आहे! हललो नाहीये!"

एका झाडाच्या ढोलीत तो अंग चोरून बसला होता. ओला, थरथरत, शर्ट उलटा घातलेला.

"चकवा लागला की शर्ट उलटा घालायचा, माझी आजी सांगायची," तो म्हणाला. "आणि चुकलो की जागचं हलायचं नाही, हे तू सांगितलं होतंस. म्हणून दोन्ही केलं."

मी रडायलाच लागले. "डावीकडे दाखवलं होतं ना मी! डावीकडे! आंधळा आहेस का?"

त्यानं उलट्या शर्टाची ओली बाही पिळली.

"दिशा ओठांत होती," तो म्हणाला, "आणि मी... तुझ्या डोळ्यांतच राहिलो. खरं सांगतो. वळल्यावर लक्षात आलं की काही बघितलंच नाही. परत येऊन विचारायची लाज वाटली."

रडता रडता हसू येणं फार वाईट. नाक वाहतं. मी माझा कोरडा स्वेटर त्याच्या अंगावर फेकला. "घाल. आणि पुन्हा असलं काही बोलू नकोस."

"का?"

"मला वाट नीट दिसायला हवी म्हणून!"

परतताना त्यानं माझा हात धरला. घसरण होती... असं आम्ही दोघांनीही मानलं. तिठा जवळ आल्यावर तो हळूच म्हणाला, "मारिवेलताईनं सांगितलंय मला, तुझ्या सहीचं. मी सांगतो काकांना, की फोटो काढायला मीच मुद्दाम आत गेलो. माझीच तर चूक आहे."

सोपं होतं हो! एक वाक्य, आणि सही माझी. शिटी आता अगदी समोर वाजत होती. दीड तास एका जागी गळत्या धुक्यात उभे राहून माझे तातय ती फुंकत होते.

"तातय," मी म्हटलं, "चूक माझी. हात अडकले होते म्हणून ओठांनी दाखवलं, आणि तो कुठे वळला ते बघितलंच नाही."

त्यांनी आधी जुदिएलचे हात चोळले, मग माझे. "चला. आल्याचा काढा उकळतोय," एवढंच म्हणाले. तो काढा, ते सुके मासे आणि भात... इतकं चवदार मी आयुष्यात काही खाल्लं नसेल. पाहुण्यांच्या आठ ताटल्या समोर बघून मनात नुसतं सलामात, सलामात, म्हणजे आभार, आभार, चाललं होतं. काढा तिखट होता म्हणून डोळ्यांत पाणी आलं, असं मी सगळ्यांना सांगितलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी इंपालादला उतरलो. तातयांनी आठ मोजले. मग माझ्याकडे वळले.

"या खेपेला सही नाही. अजून तीन फेऱ्या शेवटी चालायचं. मग देईन."

वाईट वाटलं. खूप. पण त्यांनी 'मग बघू' म्हटलं नव्हतं, 'देईन' म्हटलं होतं, आणि माझे तातय दिलेला शब्द मोडत नाहीत. मी मान डोलावली.

परतीची जीपनी, आमच्याकडची लांबलचक प्रवासी जीप, सुरू झाली होती. पाहुणे दाटीवाटीनं बसले. जुदिएल खिडकीतून माझ्याकडेच बघत होता. मला वाटलं, आदल्या संध्याकाळी तातयांसमोर सगळ्यात अवघड गोष्ट बोलून झालीये, मग ही काय मोठी?

"जुदिएल!" मी ओरडले. "तू मला आवडतोस! खूप!"

सगळी डोकी खिडकीबाहेर आली. ड्रायव्हरनं तर नीट ऐकू यावं म्हणून इंजिनच बंद केलं. मारिवेलताई किंचाळली, "अरे, उतर ना दगडा!"

तो उतरला. कान लालबुंद. माझ्याकडे एकदा बघितलं आणि सरळ तातयांसमोर जाऊन उभा राहिला.

"काका, पुढच्या फेरीत एक जागा ठेवाल?"

तातय पाहुण्यांच्या नावांच्या वहीतून मान वर न करता म्हणाले, "कुठली? पुढची?"

"नाही. शेवटून दुसरी."

"तिथे फार चिखल असतो. सगळ्यांनी तुडवून ठेवलेला."

"चालेल काका."

तातयांनी कानामागची पेन्सिल काढली, टोक जिभेला लावलं आणि विचारलं, "आडनाव काय म्हणालास?"